मुक्कामी गाडी आणि 1.01

दर्यापूर असो, उमरखेड असो की अहेरी, तालुक्याच्या गावी सकाळी आठच्या सुमारास आर्ट्स कॉलेजच्या फाटकाशी उभं राहिलं की आत जाणाऱ्यांत मुलीच जास्त दिसतात. बीए भाग एकच्या वर्गात पुढचे बाक मुलींनी भरलेले असतात आणि मुलं मागच्या दोन रांगांत, तीही बहुतेक परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवसांत. पारावरची मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, "पोरी शिकून राहिल्या अन् पोट्टे गेले वाया."

सरकारी आकडाही वरवर पाहता हेच म्हणतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या 2021-22 च्या अहवालात देशात 4.33 कोटी विद्यार्थी नोंदले गेले, त्यात मुली 2.07 कोटी. 2014-15 मध्ये त्या 1.57 कोटी होत्या. 18 ते 23 वयाच्या दर शंभर मुलींमागे 28.5 नोंदण्या आणि दर शंभर मुलांमागे 28.3; याला नोंदणी गुणोत्तर म्हणतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की येतं 1.01. याला लैंगिक समता निर्देशांक म्हणतात, आणि तो 0.97 ते 1.03 च्या दरम्यान आला की युनेस्कोच्या हिशेबात समता झाली. मथळे झाले, भाषणं झाली, प्रश्न मिटला.

तो मिटलेला नाही हे त्याच अहवालातल्या दोन आकड्यांत दिसतं. 4.33 कोटींत 2.07 कोटी म्हणजे 47.8 टक्के. मुली निम्म्याहून कमी आहेत, तरी निर्देशांक एकाच्या वर. हिशेब चुकलेला नाही, तो तसाच केला जातो. समजा एका तालुक्यात 18 ते 23 वयाची 1,000 मुलं आहेत आणि 900 मुली. त्यातली 300 मुलं कॉलेजात गेली, 280 मुली गेल्या. मुलांचं गुणोत्तर 30, मुलींचं 31.1, निर्देशांक 1.04. वर्गात मुली कमी, कागदावर मुली पुढे. कारण मुलींची संख्या मुलींच्याच लोकसंख्येने भागली जाते, आणि जी मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही ती या भागाकारात वरही नसते, खालीही नसते.

विदर्भात हा मुद्दा नुसता तात्त्विक नाही. 2011 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे बुलढाण्यात 855 मुली होत्या आणि गडचिरोलीत 961. महाराष्ट्राचा आकडा 894. त्या वेळची ती लेकरं आता दहावी-बारावीत आहेत किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षांत. म्हणजे यापुढची काही वर्षं बुलढाण्याच्या एखाद्या कॉलेजाचा आणि गडचिरोलीच्या एखाद्या कॉलेजाचा निर्देशांक सारखाच आला तरी दोन्ही ठिकाणी गोष्ट वेगळी असेल. सोनोग्राफीच्या खोलीत जे झालं ते प्रवेशाच्या रजिस्टरात दिसत नाही. राज्य म्हणून तर आपण या शर्यतीत मुळात पुढे नाहीच. उच्च शिक्षणात महाराष्ट्राचं एकूण गुणोत्तर देशापेक्षा वर आहे, पण मुलींचं मुलांच्या मागे. देशात झालेली समता इथे अजून व्हायची आहे.

जगाकडे पाहिलं तर आपण उशिरा पोचलेले पाहुणे आहोत. जागतिक बँक ज्यांना मध्यम उत्पन्नाचे देश म्हणते, त्यांच्या खालच्या पायरीवर भारत 2007 च्या सुमारास चढला. त्याच वर्गातल्या कितीतरी देशांत कॉलेजमध्ये मुली मुलांपेक्षा जास्त आहेत आणि हे तिथे आता जुनं झालं आहे. ब्राझीलमध्ये विद्यार्थ्यांत मुली सुमारे 57 टक्के, दक्षिण आफ्रिकेत आणि श्रीलंकेत साठीच्या आसपास, मलेशियाच्या सरकारी विद्यापीठांतही तेच. ट्युनिशिया, अल्जेरिया, मंगोलिया, सगळीकडे पारडं मुलींकडे झुकलेलं. साऱ्या जगाचा हिशेब मांडला तर 2000 साली स्त्रिया आणि पुरुष दोघांचंही नोंदणी गुणोत्तर 19 टक्के होतं. 2018 मध्ये स्त्रियांचं 41 झालं, पुरुषांचं 36. म्हणजे मुली पुढे जाणं हा चमत्कार नाही. जागा वाढल्या, शाळा पूर्ण करणाऱ्या मुली वाढल्या, की त्या येतातच.

मंगोलियाचं उदाहरण आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. तिथे 1990 नंतर सामुदायिक कळप मोडून गुरं घराघरात वाटली गेली. कळप सांभाळायला घरात हात हवे झाले, ते मुलांचे. मुलगा शाळेतून निघून गुरांमागे गेला, कारण पुढे कळप त्याचाच. मुलीला मात्र शिकवलं, कारण तिच्या वाट्याला कळप येणार नव्हता. वर्धा-यवतमाळकडच्या पाच एकर कोरडवाहूवाल्या घरात हाच हिशेब चालतो, फक्त गुरांच्या जागी वावर ठेवायचं. वावर मुलाचं. मुलीला डिग्री, कारण आता बारावीवर स्थळ येत नाही, मुलाकडचे विचारतात, "शिकली किती?" डिग्री ही तिची वाटणी. आणि वाटणी म्हटली की बाप ती स्वस्तात आणि जवळच बघतो.

मुलं मग जातात कुठे? पारावर म्हणतात तशी सगळी वाया जात नाहीत. बरीच आयटीआयला जातात. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर. आयटीआय हे उच्च शिक्षण सर्वेक्षणात मोजलंच जात नाही. तालुक्याच्या आयटीआयमधला मुलगा त्या अहवालापुरता कॉलेजबाहेर असतो. उलट जीएनएम नर्सिंगची पदविका, शिक्षक होण्यासाठीची डीएलएड पदविका, पॉलिटेक्निक हे मोजलं जातं, आणि नर्सिंगमध्ये जवळपास मुलीच. मुक्त विद्यापीठातली नोंदणीही मोजली जाते. त्याशिवाय बारावीनंतर चाकण, रांजणगाव, हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला लागलेली मुलं आहेत, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी आहेत. त्यांनी नावापुरतं बीएला नाव टाकलं असेल तर मोजणीत येतात, नाहीतर नाही. मुली पुढे गेल्या असं जे दिसतं, त्यातला एक हिस्सा मुलं दुसऱ्या खात्यात मांडली गेल्यामुळे आहे.

पण खरी मेख अंतरात आहे. आपल्याकडे मुलीचं उच्च शिक्षण एसटीच्या वेळापत्रकावर चालतं, विद्यापीठाच्या नव्हे.

मुक्कामी गाडी रात्री साडेआठ-नऊला गावात येते. चालक-वाहक देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत टेकतात आणि सकाळी सहाला गाडी निघते. वाटेतली गावं घेत ती साडेसात-पावणेआठला तालुक्याला लागते. कॉलेज आठ ते साडेबारा. परतीची एक गाडी दुपारी दीडच्या आसपास, नंतरची थेट पाच-साडेपाचला. पावसाळा संपला की ती दुसरी गाडी दिवेलागणीनंतर गावात पोचते. गाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत असेल तर ते तीन किलोमीटर अंधारात चालायचे. म्हणून मुलीची गाडी दीडचीच. आता या चौकटीत काय बसतं ते बघा. बीए बसतं. बीकॉम बसतं. बीएस्सी बसत नाही, कारण प्रॅक्टिकल दुपारी एकला सुरू होतं आणि तीन तास चालतं. वीसेक विद्यार्थ्यांची एकेक बॅच, रसायनाचा वार वेगळा, भौतिकाचा वेगळा, तिसऱ्या विषयाचा आणखी वेगळा. आठवड्यातले तीन-चार दिवस दीडची गाडी सुटते. बारावी सायन्सला 78 टक्के घेतलेली मुलगी बीएला बसलेली दिसली तर तिची आवड बदलली असं समजू नये. प्रवेश समितीच्या टेबलाशी बाप जे बोलतो तेच कारण असतं, "सर, पोरगी हुशार हाये, पण साडेपाचच्या गाडीनं नाही जमत ना."

याच्यावर इलाज आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. ज्या कॉलेजात बाहेरगावच्या मुली जास्त, तिथे त्यांची वेगळी बॅच करून प्रॅक्टिकल सकाळी आठ ते अकरा ठेवायचं आणि थिअरी अकरा ते एक. त्यासाठी प्रयोगशाळा सहायक सकाळी पावणेआठला यावा लागतो, आणि गावातल्याच विद्यार्थ्यांची बॅच दुपारी जाते, त्यांची कुरकुर ऐकावी लागते. वेळापत्रक करणारा प्राध्यापक स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणाहून अप-डाऊन करत असेल तर हे होत नाही. ही वरवर बारीक बाब वाटते, पण बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं.

पासचंही असंच. गावखेड्यातल्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत फुकट असतो. बारावीचा निकाल लागला की तो संपतो. कॉलेजात गेल्यावर विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास, ज्यात भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. मार्च 2023 पासून बायकांना तसंही अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बऱ्याच मुली पास काढतच नाहीत, रोज अर्धं तिकीट फाडतात. इथे नुकसान दुहेरी. एक म्हणजे पासपेक्षा ते महाग पडतं: पूर्ण तिकीट 40 रुपये धरलं आणि महिन्याचे 24 दिवस, तर अर्ध्या तिकिटाचे जाऊन-येऊन 960 रुपये होतात, आणि सरळ तिसरा हिस्सा धरला तर 640. दुसरं म्हणजे त्या मार्गावर विद्यार्थिनी किती आहेत हे आगाराच्या कागदावर उमटत नाही. आगार व्यवस्थापक गाडी ठेवायची की काढायची हे भारमान, म्हणजे गाडीत किती जागा भरतात ते, बघून ठरवतो. मे महिन्यात आणि दिवाळीत कॉलेज बंद असतं, भारमान पडतं, फेरी रद्द होते, आणि जूनमध्ये कुणी मागितली नाही तर परत सुरू होत नाही. म्हणून प्राचार्यांनी मार्गनिहाय पासधारकांची यादी जोडून पत्र मे अखेरीस आगाराला द्यावं, जुलैत नव्हे. नुसतं "मुलींची गैरसोय होते" असं लिहिलेल्या पत्राला आगारात किंमत नाही. "अमुक फाटा ते तमुक, सकाळी 34, दुपारी 31" असं लिहिलेल्या पत्राला आहे. 2021 च्या नोव्हेंबरपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा कोरोनानंतर कॉलेजं नुकतीच सुरू झाली होती. काळीपिवळीवाल्यांनी भाडं वाढवलं, मुलांनी दोन-तिघांत मोटरसायकल काढली, आणि मुली घरी बसल्या. मोटरसायकलवर ट्रिपल सीट जाणं हे मुलांचं सार्वजनिक वाहन आहे. मुलीला ते नाही.

शाखांचा हिशेब आता उलगडतो. सायन्समध्ये देशात मुली मुलांच्या पुढे आहेत: 2021-22 मध्ये पदवीपासून पीएचडीपर्यंत 57.2 लाखांपैकी 29.8 लाख मुली. इंजिनिअरिंगमध्ये मात्र त्या तिनात एकही नाहीत. याला "मुलींना गणित जमत नाही" हे उत्तर देणाऱ्यांनी अल्जेरियाकडे बघावं. तिथे इंजिनिअर होऊन बाहेर पडणाऱ्यांत जवळपास निम्म्या मुली आहेत, ट्युनिशियात 44 टक्क्यांच्या घरात. फरक डोक्यात नाही. सायन्सचं कॉलेज तालुक्याला आहे, इंजिनिअरिंगचं बडनेरा, शेगाव, नागपूरला. म्हणजे वसतिगृह आलं, मेस आली, आणि चार वर्षं आली.

फीची अडचण शासनाने बऱ्याच अंशी काढली आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या, वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. पण माफी मिळते ती केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या जागेला. संस्थेच्या कोट्यातल्या जागेला नाही. आणि त्यात वसतिगृह नाही, मेस नाही, प्रवास नाही. "मुलींचं सगळं फुकट झालं" ही बातमी गावात पोचली, बारकावा पोचला नाही. मग कॉलेजात गेल्यावर इतर शुल्काची पावती हातात पडते आणि बाप म्हणतो की सरकारनं फसवलं.

प्रवेश फेरीत कुठे घोळ होतो ते सांगायला हवं, कारण तो दरवर्षी तोच असतो. विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, नेट कॅफेत भरला जातो. कॅफेवाला गेल्या वर्षीचा कटऑफ बघून पुण्याचं नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतो. नाव मोठं आहे, मिळालं तर मिळालं. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते, पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. आता घरी चर्चा सुरू होते. पुणे? एकटी? आजी नको म्हणते, काका नको म्हणतो. मुदत संपते, जागा जाते, आणि जी मुलगी अमरावतीला सहज इंजिनिअर झाली असती ती तालुक्याला बीएला येते, तेही उशीर झाल्याने लेट फी भरून. अंतराची चर्चा निकालाच्या आधी, जूनच्या सुरुवातीला व्हायला हवी आणि यादीत फक्त तीच कॉलेजं जावीत जिथे घर पाठवायला तयार आहे. यादी लहान झाली तरी चालेल. दुसरी फजिती ओटीपीची. आधारला मोबाइल नंबर बापाचा, बाप वावरात, वावरात रेंज नाही. अर्ज पक्का करायची शेवटची तारीख असते त्या दिवशी तो फोन मुलीच्या हातात असावा, एवढंच.

कागदांत सगळ्यात हळू चालणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बापाच्या बाजूचा. आजोबांचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकातली नोंद. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा शोधावा लागतो, आणि मग वंशावळ जुळवून द्यावी लागते. अकरावीतच प्रकरण टाकलं तर वेळेत होतं, बारावीच्या निकालानंतर टाकलं तर जीव टांगणीला. नॉन-क्रीमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, हे लोकांना जुलैत कळतं. आणि लग्न झालेल्या मुलीचा तर वेगळाच गुंता. सासरी गेल्यावर रेशन कार्डासाठी आधारवर नवऱ्याचं नाव लागतं. गुणपत्रिकेवर, जातीच्या दाखल्यावर बापाचं नाव. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर नाव जुळत नाही, बँक खातं आधारशी जुळत नाही, शिष्यवृत्ती अडकते. शिक्षण संपेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नये, ही साधी गोष्ट लग्नाच्या याद्यांत कुणी लिहीत नाही.

वसतिगृहाची मागणी विदर्भात नवी नाही. जुलै 1942 मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथल्या ठरावांत मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं काढा अशी मागणी होती, आणि डॉ. आंबेडकरांनी त्या सभेत बायांना लग्नाची घाई करू नका असं सांगितलं होतं. या दोन गोष्टी एकाच मांडवात बोलल्या गेल्या हे मला फार नेमकं वाटतं, कारण गावात त्या एकाच घरात एकाच रात्री ठरतात. वसतिगृहात नंबर लागला तर लग्न लांबतं. नाही लागला तर दिवाळीनंतर पाहुणे येतात.

आज जागा अपुऱ्या म्हणून सरकार रोख देतं: अनुसूचित जाती-नवबौद्धांना स्वाधार, आदिवासींना स्वयं, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार. नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला 60,000, लहान गावांसाठी कमी. योजना चांगल्या आहेत. गोम अशी की पैसा हप्त्याने येतो आणि पहिला हप्ता बहुतेकदा सत्र निम्मं सरल्यावर. खोलीमालक डिपॉझिट जुलैत मागतो. मुलगा अशा वेळी चौघांत एक खोली घेऊन, जमिनीवर झोपून, हाताने खिचडी टाकून चार महिने काढतो. मुलीच्या बाबतीत घर ते मान्य करत नाही. वॉर्डन असलेलं, फाटक असलेलं, मेस असलेलं ठिकाण हवं. तेवढे पैसे जुलैत नसतात, कारण जुलैत शेतकऱ्याचा पैसा मातीत असतो, बियाण्यात आणि खतात. हातात येतो तो सोयाबीन विकल्यावर, ऑक्टोबरात.

पिकांचं आणि सत्राचं वैर तसं सगळीकडेच आहे. भंडारा-गोंदियात धानाची रोवणी जुलै-ऑगस्टात, प्रवेशाच्या ऐन धामधुमीत. वऱ्हाडात कापसाचे वेचे नोव्हेंबरपासून, आणि हिवाळी परीक्षा त्याच दिवसांत. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे आई सकाळी सातला निघते ती अंधार पडल्यावर येते. घरचा स्वयंपाक, लहान भावंडं, म्हातारी माणसं हे सगळं कॉलेजातल्या मुलीवर. तिची हजेरी 75 टक्क्यांखाली जाते ती याच दोन महिन्यांत. रोवणीत चिखलात वाकणाऱ्याही बायाच, त्यामुळे तिकडच्या मुलींचं सत्र सुरुवातीलाच मागे पडतं.

गळती हा शब्द शाळेसाठी वापरतात, पण सर्वेक्षण नोंदणी मोजतं, आणि नोंदणी म्हणजे ठरावीक एका दिवसाचं चित्र. त्यानंतर मुलगी माघात लग्न होऊन गेली तरी त्या वर्षापुरती ती मोजली गेलेली असते. 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण लागलं, त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. तीन वर्षांत परत यायचं, एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. ज्यांनी ही सोय आखली त्यांच्या डोळ्यांसमोर नोकरी करून परत येणारा विद्यार्थी असावा. गावात त्याचा अर्थ असा लागण्याची भीती आहे की, एक सर्टिफिकेट झालं ना, आता पाहुण्यांना हो म्हणा. सासरहून परत बीए भाग दोनला येणाऱ्या मुली असतात, पण मोजक्या, आणि बहुतेक सासर त्याच तालुक्यात असलेल्या.

बांगलादेशाने 1994 पासून गावांतल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर भत्ता दिला. अटी तीनच: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण, आणि लग्न झालेलं नको. माध्यमिक शाळांत मुली मुलांच्या पुढे गेल्या. विद्यापीठात मात्र तिथे अजून मुलंच जास्त, कारण भत्ता जिथे थांबतो तिथे मुलीही थांबतात. आपला फुकट पास बारावीला थांबतो, त्याची आठवण इथे होतेच. आणि उलटं टोक इराणचं. तिथे विद्यापीठात मुली मुलांच्या पुढे गेल्यावर 2012 मध्ये 36 विद्यापीठांनी 77 अभ्यासक्रमांतून मुलींचे प्रवेशच बंद केले.

डिग्रीनंतर काय, हा प्रश्न श्रीलंकेला विचारावा. मोफत शिक्षण 1945 पासून, विद्यापीठांत मुली साठीच्या आसपास, तरी कामावर असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बाया तिनात साधारण एक. जॉर्डन, इराण, अल्जेरियात तर त्याहून कमी. आपल्याकडे 2017-18 मध्ये 15 वर्षांवरच्या स्त्रियांतलं श्रमशक्तीचं प्रमाण 23.3 टक्के होतं, 2023-24 मध्ये ते 41.7 झालं, पण ही वाढ मोठ्या भागात गावातली आहे, स्वतःच्या वावरात किंवा घरच्या धंद्यात विनामोबदला हातभार लावणारी. म्हणजे बीए झालेली सून वेचणीला गेली की ती रोजगारात मोजली जाते. कॉलेजात मुली वाढल्या आणि कामात बाया वाढल्या, हे दोन्ही आकडे खरे असूनही एकमेकांशी त्यांचं फारसं नातं नसावं अशी मला शंका आहे.

कॉलेजांकडे मात्र याहून चांगला आकडा दरवर्षी तयार होत असतो आणि कुणी तो बघत नाही. सर्वेक्षणाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये वर्षनिहाय, शाखानिहाय, प्रवर्गनिहाय मुली आणि मुलं भरावी लागतात. एखादा कारकून दोन दिवस बसून ते भरतो, पावती निघते, फाइल नॅकसाठी, म्हणजे कॉलेजाचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीसाठी, ठेवली जाते. 2022-23 च्या फॉर्ममधला भाग एकचा मुलींचा आकडा आणि 2024-25 च्या फॉर्ममधला फायनलचा आकडा शेजारी ठेवला की तीन वर्षांत किती गळल्या ते निघतं, शाखेसकट. त्याला प्रवेश अर्जावरचा पत्ता जोडला की गावंही निघतात. एखाद्या मार्गावरच्या चार गावांतल्या मुली भाग दोनलाच सुटत असतील तर त्या मार्गावर दुपारची फेरी आहे का, हे आगारात एका फोनवर कळतं. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये गाव आणि किलोमीटर असा रकाना नाही, पण कॉलेजच्या स्वतःच्या प्रवेश रजिस्टरात तो आखायला परवानगी लागत नाही.